गाड्यांच्या लढाईचा स्वस्त गेम घेण्यापूर्वी खेळाडूंची मते कशी वाचावीत

बंदुका, सुरुंग आणि रॉकेट बसवलेल्या गाड्यांच्या शर्यतीचे, छोट्या स्टुडिओंनी तयार केलेले गेम सेलच्या दिवसांत एका फिश थाळीच्या पैशांत मिळतात, आणि म्हणूनच ते घेताना फारसा विचार होत नाही. स्टीमसारख्या, गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातली खेळाडूंची मते वाचलीच तर वरची टक्केवारी आणि पहिली दोन-तीन वाक्ये वाचली जातात. या प्रकारच्या गेमच्या बाबतीत ही पद्धत विशेष फसवी ठरते, कारण त्यांच्याविषयीच्या जवळजवळ प्रत्येक मतात किंमत आधीच शिरलेली असते. ‘एवढ्या पैशांत आणखी काय हवे’ असे कोणी लिहिले, तर ते सौद्याविषयीचे मत झाले. गाडी वळणावर कशी वागते किंवा मागून आलेले रॉकेट चुकवता येते की नाही, याची माहिती त्यातून मिळत नाही.

म्हणून पहिले काम किंमत बाजूला काढण्याचे. प्रत्येक मताखाली तारीख असते. त्या दिवसांत सेल चालू होता का, हे बहुधा मजकुरावरूनच कळते, कारण स्वस्तात मिळाल्याचा उल्लेख करण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. पूर्ण किंमत मोजूनही समाधानी असलेला खेळाडू आणि सेलमध्ये घेऊनही नाराज झालेला खेळाडू, या दोघांची मते सर्वांत आधी वाचावीत. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पैसे कमी गेले म्हणून गेमला माफ केलेले असते, आणि ही माफी आपल्या उपयोगाची नाही.

तुलनेसाठी घेतलेले नाव

‘गाड्यांची लढाई’ या एका नावाखाली किमान तीन वेगळे प्रकार नांदतात, आणि मत लिहिणाऱ्याच्या डोक्यात त्यांपैकी कोणता होता हे ओळखल्याशिवाय त्याची तक्रार समजत नाही. 1995 साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘ट्विस्टेड मेटल’मध्ये शर्यत नव्हतीच, बंदिस्त मैदानात गाड्या एकमेकींना संपवत असत. 1996 सालच्या ‘डेथ रॅली’त, जो फिनलंडच्या रेमेडी स्टुडिओचा पहिला गेम होता, वरून दिसणाऱ्या छोट्या ट्रॅकवर शर्यत होई, बक्षिसाच्या पैशांतून गाडीची दुरुस्ती करावी लागे, आणि उरलेल्या पैशांत सुरुंग किंवा नवी गाडी घ्यायची असे. हे चक्रच त्या गेमचा आत्मा होते. तिसरा प्रकार बंदुका न वापरता गाडीने गाडी मोडण्याचा: बगबेअर या फिनिश स्टुडिओचा 2004 सालचा ‘फ्लॅटआउट’ आणि त्याच स्टुडिओचा, अनेक वर्षे अपूर्णावस्थेत विकला जाऊन 2018 साली पूर्ण झालेला ‘रेकफेस्ट’ ही त्याची ठळक उदाहरणे आहेत.

आता समजा, क्रोएशियाच्या गेमपायर्स स्टुडिओच्या 2013 सालच्या ‘गॅस गझलर्स एक्स्ट्रीम’विषयी, जो स्वस्त लढाऊ शर्यतींच्या यादीत हमखास दिसतो, कोणी लिहिले की ‘ट्रॅक अरुंद आहेत आणि मोकळे फिरता येत नाही’. हा खेळाडू मैदानाच्या अपेक्षेने आला होता, एवढेच त्यावरून सिद्ध होते. उलट ‘डेथ रॅली’ची आठवण काढणाऱ्याने पैसे जमवून गाडी सुधारण्याच्या चक्राविषयी काही लिहिले असेल, तर ते थांबून वाचण्यासारखे असते, कारण त्याला त्या चक्राची पारख आहे. तसेच 2018 सालच्या ‘ग्रिप’विषयी ‘गाडी सारखी उलटते, काही कळत नाही’ अशी तक्रार दिसेल. त्या गेमची गाडी उलट-सुलट कशीही पडली तरी धावावी अशीच रचलेली आहे, कारण तो 1999 सालच्या ‘रोलकेज’चा वारसा मुद्दाम पुढे चालवतो. तक्रार खरी आहे, पण तो गेमचा दोष मानायचा की स्वभाव, हे आपल्या आवडीवर ठरते. छतावरून धावणारी गाडी डोळ्यांना सोसत नसेल, तर टक्केवारी कितीही चांगली असली तरी तो गेम घेऊ नये.

टक्केवारीचा हिशेब

स्टीमवरचे मत फक्त दोन प्रकारचे असते, शिफारस आहे किंवा नाही. तेव्हा 90 टक्के म्हणजे शंभरापैकी नव्वद जणांनी ‘घ्यायला हरकत नाही’ म्हटले. गेमला दहापैकी नऊ गुण मिळाले असा त्याचा अर्थ होत नाही. साधारण बरा असलेला, कोणालाच न दुखावणारा गेम 90 टक्के मिळवू शकतो, आणि काहींना वेड लावणारा पण काहींना असह्य वाटणारा गेम 70 वर अडकतो. लढाऊ शर्यतींत दुसऱ्या प्रकारचे गेम बरेच असतात, म्हणून 70 ते 80 टक्क्यांमधल्या गेमकडे पाठ फिरवू नये असे माझे मत आहे.

एकूण मते किती आहेत, हेही पाहावे. बारापैकी दहा मते अनुकूल असली, तर 83 टक्के होतात आणि ‘पॉझिटिव्ह’ असे लेबल लागते. त्यानंतर आणखी दोघांनी नापसंती दिली, की तोच आकडा 71 वर येतो आणि लेबल ‘मोस्टली पॉझिटिव्ह’वर घसरते. एवढ्या थोड्या मतांच्या लेबलाला वजन देण्यापेक्षा ती सगळीच मते वाचून काढावीत. अर्ध्या तासाचे काम असते. मते हजारोंनी असतील, तर शेवटच्या तीस दिवसांचा वेगळा आकडा पाहावा आणि तो एकूण आकड्याहून बराच खाली असेल, तर कारण शोधावे. अशा घसरणीमागे बहुधा एखादा बिघडलेला पॅच (गेममध्ये नंतर केलेली दुरुस्ती), बंद पडलेला सर्व्हर किंवा नव्या विंडोजशी न जमणे असते.

प्रत्येक मताशेजारी खेळलेले तास दिसतात, आणि मत लिहितेवेळी किती तास झाले होते हेही कळते. यावरून बरेच काही ठरवता येते, पण स्वस्त गेमच्या बाबतीत एक मेख आहे. स्टीमच्या ट्रेडिंग कार्डांसाठी, म्हणजे गेम चालू असताना मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या डिजिटल कार्डांसाठी, काही जण स्वस्त गेम घेतात आणि कार्डे मिळेपर्यंत तो नुसता चालू ठेवतात, कारण कार्डे चालू असलेल्या वेळेनुसार मिळतात. अशा खात्याचे तास फुगलेले असतात आणि मत एका ओळीचे. तेव्हा तासांना मजकुराचा आधार आहे का, हे तपासावे: दहा तास खेळलेला माणूस एखाद्या ट्रॅकचे, शस्त्राचे किंवा गाडीचे वर्णन सहज करतो.

विनोदी मते वेगळी काढावीत. या जातीच्या गेमना उपरोधाने डोक्यावर घेण्याची जुनी प्रथा आहे. 2003 सालच्या ‘बिग रिग्ज’मध्ये विरोधी ट्रक जागचा हलत नसे, आपला ट्रक इमारतींतून आरपार जाई आणि रिव्हर्समध्ये त्याचा वेग अमर्याद वाढत असे, त्या गेमची थट्टेने स्तुती करण्याची हौस आजतागायत टिकून आहे. अशी मते वाचायला मौज येते, परंतु अनुकूल मतांत त्यांची संख्या फार असेल, तर टक्केवारीतून ती मनानेच वजा करावीत.

तक्रारींची उकल

प्रतिकूल मतांमध्ये चार-पाच तक्रारी पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या सारख्या वजनाच्या नसतात.

सर्वांत महत्त्वाची तक्रार गाडीच्या हँडलिंगची. शस्त्रे कितीही चमकदार असली, तरी खेळणाऱ्याचा बहुतेक वेळ गाडी चालवण्यातच जातो. ‘गाडी तरंगते’, ‘वजन जाणवत नाही’, ‘ब्रेक लावला की फिरते’ असे तीन-चार वेगवेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे लिहिले असेल, तर ते खरे मानावे. मात्र त्यांनी कीबोर्ड वापरला की कंट्रोलर, हे पाहणे आवश्यक आहे. कीबोर्डवर स्टिअरिंग एकतर पूर्ण वळते किंवा मुळीच वळत नाही, त्यामुळे कंट्रोलरच्या कांडीसाठी जुळवलेली गाडी कीबोर्डवर उधळल्यासारखी वाटणारच.

दुसरी तक्रार रबर-बँडिंगची, म्हणजे आपण पुढे गेलो की विरोधी गाड्या अचानक वेगवान होतात आणि मागे पडलो की मंदावतात. बंदुकांच्या शर्यतीत याची थोडी मात्रा मुद्दाम घातलेली असते; गाड्या जवळ राहिल्या नाहीत तर गोळी कोणाला मारायची? म्हणून ‘रबर-बँडिंग आहे’ एवढ्यावरून काही ठरत नाही. शेवटच्या वळणावर मागच्या गाडीने हमखास गाठणे आणि सुधारणांवर खर्च केलेले पैसे वाया गेल्यासारखे वाटणे, असे लिहिलेले आढळले, तर मात्रा जास्त झाली आहे असे समजावे. याच्याशीच जोडलेली एक तक्रार म्हणजे ‘पहिला असणे ही शिक्षा आहे’. पुढे कोणी नसल्यामुळे अग्रस्थानी असलेल्याची समोर मारा करणारी शस्त्रे निरुपयोगी होतात आणि मागून मात्र सगळ्यांचा मारा होतो. यावर चांगल्या गेममध्ये सुरुंग, तेल, धूर किंवा ढाल यांचा उतारा दिलेला असतो. मागे टाकायच्या शस्त्रांचा उल्लेख एकाही मतात नसेल, तर ट्रेलर थांबवून थांबवून पाहावा.

तिसरी तक्रार ग्राइंडची, म्हणजे तीच शर्यत पुन्हा पुन्हा खेळून पैसे जमवावे लागण्याची. स्वस्त गेममध्ये ट्रॅक थोडे असतात आणि तेच उलट दिशेने किंवा रात्रीच्या उजेडात पुन्हा वापरले जातात, त्यामुळे ही तक्रार जवळजवळ नेहमी सापडते. रोज अर्धा तास खेळणाऱ्याला तिचा त्रास कमी होतो; शनिवार-रविवारी सलग बसणाऱ्याला मात्र ती खरी वाटेल.

ऑनलाइन कोणीच नसते, ही तक्रार वाचून निराश होण्याचे कारण नाही, पण तिच्यावर विश्वास मात्र ठेवावा. छोट्या स्टुडिओच्या जुन्या गेमच्या लॉबी, म्हणजे शर्यतीपूर्वी ऑनलाइन खेळाडू जमण्याच्या जागा, ओस पडलेल्या असतात, आणि 31 मे 2014 रोजी खेळाडूंना ऑनलाइन जोडणारी गेमस्पायची सेवा बंद झाली तेव्हा कितीतरी जुन्या गेमचे ऑनलाइन खेळणे एका दिवसात संपले. ‘मित्रांबरोबर ऑनलाइन धमाल’ असे जुन्या तारखेचे मत दिसले, तर ते आज लागू आहे असे धरू नये. ग्राफिक्स जुनाट असल्याची तक्रार सोडून द्यावी. ते चित्रे पाहूनही कळते.

आपल्या घरच्या अटी

मते जगभरातून येतात आणि आपण खेळणार डिचोलीला किंवा फोंड्याला, म्हणून शेवटचा निवाडा घरच्या परिस्थितीवरच करावा लागतो. गोव्यात मला तीन गोष्टी विशेष महत्त्वाच्या वाटतात.

पहिली म्हणजे एका पडद्यावर किती जण खेळू शकतात. चवथीला मूळ घरी मामे-चुलत भावंडे जमतात, आरती आटोपली की रात्री लॅपटॉप टीव्हीला जोडला जातो, आणि तेव्हा ऑनलाइन लॉबीचा काहीच उपयोग नसतो. उपयोग होतो तो स्प्लिट-स्क्रीनचा, म्हणजे एकच पडदा खेळाडूंमध्ये वाटून देण्याच्या सोयीचा. ‘ग्रिप’मध्ये चौघांना एकाच पडद्यावर खेळता येते, पण या प्रकारच्या अनेक पीसी गेममध्ये ही सोय मुळीच नसते. दुकानाच्या पानावर ‘मल्टिप्लेअर’ एवढेच वाचून समाधान मानू नये. ‘शेअर्ड किंवा स्प्लिट-स्क्रीन’ असा वेगळा उल्लेख शोधावा, आणि मग मतांमध्ये त्याच शब्दांचा शोध घेऊन दोन खेळाडू असताना फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रे) किती घसरतात हे पाहावे.

दुसरी गोष्ट विजेची. पावसाळ्यात माडाची झावळी तारांवर पडली, की सत्तरी-सांग्याच्या बाजूला दिवे कधी येतील याचा नेम नसतो. डेस्कटॉप अचानक बंद पडल्यावर खेळातली प्रगती साठवणारी सेव्ह फाइल खराब होते का, याविषयी मतांमध्ये ‘सेव्ह’ हा शब्द शोधून जरूर वाचावे. कष्टाने जमवलेली गाडी एका रात्रीत गेल्याची हळहळ तिथे सापडली, तर यूपीएसशिवाय तो गेम खेळू नये. लॅपटॉप बंद पडत नाही, पण बॅटरीवर गेल्यावर ग्राफिक्सची ताकद कमी होते, आणि मघापर्यंत गुळगुळीत चालणारी शर्यत अडखळू लागते. तो गेमचा दोष नसतो. सतत इंटरनेट लागते की ऑफलाइन खेळता येते, हेही याच वेळी पाहून ठेवावे.

तिसरी गोष्ट जुन्या संगणकाची. 2012-13 सालच्या गेमविषयीची ‘माझ्या विंडोज 7च्या जुन्या मशीनवर मस्त चालतो’ अशी मते आता कालबाह्य आहेत, कारण 1 जानेवारी 2024 पासून स्टीमने विंडोज 7 आणि 8 चा पाठिंबा काढून घेतला आहे. जुना गेम आणि नवे विंडोज या जोडीविषयीचे अलीकडचे मत मिळाले, तर तेच ग्राह्य मानावे.

लहान मुलांसाठी घेत असल्यास लक्ष्य गाड्या आहेत की माणसे, एवढे पाहिले तरी बराचसा प्रश्न सुटतो. 1997 सालच्या ‘कार्मागेडन’मध्ये पादचाऱ्यांना चिरडण्याचे गुण मिळत, आणि त्यावरून ब्रिटनमध्ये एवढा वाद झाला की तिथे आधी माणसांऐवजी हिरव्या रक्ताचे झोंबी घालून तो विकावा लागला. समालोचकाच्या तोंडची भाषा कशी आहे, हेही मतांमधूनच कळते. ट्रेलरमध्ये ती ऐकू येत नाही.

दोन तासांची परीक्षा

एवढे वाचून झाल्यावर मत आपणच बनवायचे असते, आणि स्टीमवर त्यासाठी सोय आहे: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि एकूण खेळ दोन तासांपेक्षा कमी झालेला असताना रिफंड मागता येतो. मेनू उघडा ठेवून जेवायला गेले, तरी तो वेळ मोजला जातो. बंडलमध्ये, म्हणजे अनेक गेमच्या संचात, घेतल्यास सर्व गेमचे तास एकत्र धरले जातात, आणि दुसऱ्या संकेतस्थळावरून गेमची ‘की’ (स्टीमवर गेम मिळवून देणारा कोड) विकत घेतली असेल, तर स्टीमकडून रिफंड मिळत नाही. म्हणून परीक्षा आखून घ्यावी आणि दीड तासाच्या आत निर्णय करावा.

सुरुवातीची काही मिनिटे सेटिंग्जमध्ये घालवावीत: कंट्रोलर ओळखला जातो का, बटणे बदलता येतात का, रिझोल्यूशन आणि फ्रेमची मर्यादा हवी तशी ठेवता येते का. कंट्रोलर जुना असेल, तर कांडी सोडल्यावरही गाडी एका बाजूला ओढली जाते का हे आधी पाहावे, नाहीतर कंट्रोलरचे पाप गेमच्या माथी मारले जाते.

पहिली शर्यत एकही गोळी न झाडता खेळावी. हे विचित्र वाटेल, पण बंदुकांच्या गोंगाटात हँडलिंगचे दोष लपतात. एकच वळण दोन-तीन फेऱ्यांत वेगवेगळ्या वेगाने घेऊन पाहावे, मुद्दाम भिंतीला घासावे, उलटल्यावर गाडी पुन्हा ट्रॅकवर यायला किती वेळ लागतो ते पाहावे. शस्त्रांशिवाय ही शर्यत सहन झाली, तर गेमचा पाया ठीक आहे.

दुसऱ्या शर्यतीत पहिल्याच फेरीत ट्रॅकवर दहा सेकंद थांबून राहावे आणि मग नेहमीप्रमाणे चालवावे. तिसरीत जीव तोडून पुढे जावे आणि दुसऱ्या क्रमांकाशी किती अंतर राहते ते पाहावे. थांबूनही सहज गाठता आले आणि पळूनही अंतर वाढले नाही, तर विरोधी गाड्या आपल्या वेगाला बांधलेल्या आहेत, आणि कितीही चांगली गाडी घेतली तरी चुरस तेवढीच कृत्रिम राहील.

त्यानंतर शस्त्रांकडे वळावे. गोळी लागल्याचे आवाजावरून आणि विरोधी गाडीच्या हालचालीवरून कळते का, नेम आपोआप लागतो की धरावा लागतो, मागून येणाऱ्या रॉकेटची सूचना मिळते का, आणि स्फोट झाल्यावर आपण किती मागे पडतो, या चार प्रश्नांची उत्तरे दोन शर्यतींत मिळतात. मग कागद घेऊन हिशेब करावा: पुढच्या गाडीची किंमत भागिले एका शर्यतीची सरासरी कमाई. उत्तर पाच-सहा शर्यती आले तर ठीक. वीसच्या पुढे गेले, तर ग्राइंडविषयीची तक्रार खरी होती.

ऑनलाइन खेळायचे असल्यास लॉबी रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान उघडून पाहावी, कारण भारतातले खेळाडू असलेच तर तेव्हाच भेटतील. स्प्लिट-स्क्रीनसाठी गेम घेतला असेल, तर घरातल्या दुसऱ्या माणसाला शेजारी बसवून किमान एक शर्यत खेळावी, आणि ती रिफंडची मुदत संपण्यापूर्वी.

आपले मत लिहिताना

गेम ठेवला किंवा परत केला, दोन्ही प्रसंगी चार ओळी लिहाव्यात. किती किमतीत घेतला, कोणत्या संगणकावर आणि कंट्रोलरवर खेळला, दहा सेकंद थांबण्याच्या परीक्षेत काय झाले, आणि एका पडद्यावर किती जण खेळू शकले, एवढे लिहिले तरी पुढच्या वाचकाचा वेळ वाचतो. स्टीमच्या भाषांच्या यादीत मराठी नसल्यामुळे मराठी मजकुरालाही दुसऱ्या भाषेचे लेबल लावावे लागते. म्हणून मुख्य निष्कर्ष इंग्रजीत एका ओळीत देऊन खाली मराठीत सविस्तर लिहिणे सोयीचे पडते. पॅच येऊन एखादा दोष दूर झाला, तर जुने मत संपादित करता येते आणि शिफारसही बदलता येते. बदल केल्यास त्याची तारीख आणि कारण मजकुराच्या वरच नोंदवावे.